चार बोटांची गाठ

१

मळवली स्टेशनात उतरून भाज्याच्या वाटेला लागलं, की ओढा ओलांडल्यावर उजव्या हाताला माधवराव वकिलांचा बंगला लागे. वकील पुण्याचे. विजेची गाडी सुरू होऊन तिसरं वर्ष होतं, त्यामुळे शनिवारी कोर्ट सुटलं की गाडी पकडून दिवेलागणीला ते बंगल्यावर हजर व्हायचे आणि सोमवारी पहिल्या गाडीनं परत जायचे. मधले पाच दिवस बंगला माळ्याचा.

माळी होता राजमहंमद. माघात तो गेला. जांभळाची फांदी छाटताना खाली आला आणि तिसऱ्या दिवशी संपला. ती फांदी खरं तर धाकट्या भावानं, नूरमहंमदनं छाटायची होती. पण नूरा त्या दिवशी न सांगता वडगावला कुस्त्या बघायला गेला होता. हे बंगल्यावर सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. नूराला वाटे, कुणीतरी एकदा कानफटात मारून बोलावं.

आता माळी नूरा होता. वय एकोणीस. शाळा दुसरीत सोडलेली. पहाटे उठायचं, विहिरीतून पाणी शेंदायचं, आधी गुलाब, मग कुंड्या, मग कुंपण. भाऊनं घालून दिलेली रीत.

भाऊची आणखी एक रीत होती. वकीलबाईंना रंगाचा सोस. म्हणून बागेत लाल कण्हेर होती, पिवळी बिट्टी होती, कुंपणावर गुंजेचा वेल, आणि पावसाळ्यात फाटकावर कळलावी अशी फुले की गाडीतून माणसं माना बाहेर काढून बघत. पिवळ्यातून लाल होत जाणाऱ्या पाकळ्या, जणू कुणी वेलावर दिवट्या पेटवल्यात. "जेवढं गोजिरं, तेवढं पोटात वाईट," राजमहंमद म्हणायचा. त्याला लिहिता येत नव्हतं, नाहीतर पाट्या लावल्या असत्या. तो जुन्या निळ्या लुंगीच्या चिंध्या काढायचा आणि विषारी झाडाला एकेक बांधायचा. सुटीत वकिलांची नातवंडं आली, की त्यांना पहिल्या दिवशी बागेत फिरवून सांगायचा, "निळी गाठ दिसली की हात मागं."

ती गाठ दुसऱ्या कुणाला जमत नव्हती. गवत कापताना विळा लागून राजमहंमदच्या उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट लहानपणीच गेलं होतं. उरलेल्या बोटांनी आणि दातांनी तो गाठ मारायचा, ती उलटी बसायची, आणि एकदा बसली की सुटायची नाही. नूरानं कितीदा शिकायचा प्रयत्न केला होता. "तुला एक बोट जास्त हाय," भाऊ हसून म्हणायचा.

फाल्गुनात, भाऊ गेल्यावर महिन्यानं, वकिलांनी पुण्याहून पत्र्याच्या डब्यातून एक नवं झाड आणलं. हातभर लांब पांढरी फुलं, खाली तोंड करून लोंबणारी, घंटांसारखी. नूरानं ते विहिरीमागं लावलं. चैत्रातल्या एका सकाळी तो पाणी घालायला गेला, तर त्या झाडाच्या बुंध्याला निळी चिंधी होती.

गाठ उलटी होती.

नूरा खाली बसला. बोट लावून बघितलं. चिंधी कोरडी, स्वच्छ. मागच्या आठवड्यात इथं काही नव्हतं, हे त्याला नक्की ठाऊक होतं. त्यानंच खड्डा खणला होता.

रविवारी माधवराव फिरत फिरत तिकडं आले. "अरे वा, बांधलीस का? मी सांगायचंच विसरलो होतो. हा धोतऱ्याचा भाऊबंद. पोरांना जवळ येऊ देऊ नकोस. तुला कसं कळलं रे?"

नूराला म्हणायचं होतं, मला न्हाई कळलं. पण तो नुसता मान हलवून मोकळा झाला.

२

बंगल्यामागं माळ्याची खोली होती. पुढं ओटा, आत एकच दालन, कोपऱ्यात चूल. आत भाभी, मदिना, इद्दतीत, नवरा गेल्यावर विधवेनं घरात बसायच्या मुदतीत, बसली होती. पोटुशी होती, म्हणून इद्दत बाळंत होईपर्यंत. उंबरा ओलांडायचा नाही. बागेत काय फुललं, काय वाळलं, हे तिला नूरानं आणलेल्या गोष्टींवरूनच कळे. नूरा ओट्यावर झोपे.

खुंटीवर राजमहंमदची चांगली निळी लुंगी होती. मदिनानं ती धुतली नव्हती. कधी कधी ती लुंगीत तोंड खुपसून उभी राही, आणि नूरा अशा वेळी मुद्दाम बादल्या वाजवत फिरे.

त्या आठवड्यात त्यानं कण्हेर छाटली. फांद्या उन्हात चांगल्या खडखडीत वाळल्या होत्या. सरपण संपत आलं होतं. त्याला वाटलं, रानात कशाला जायचं? मोळी बांधून त्यानं ती चुलीशेजारी ठेवली. सकाळी भाकरीसाठी मदिना चुलीपुढं बसली आणि तिनं हाक मारली.

"नूरा, हे बांदायला त्येचीच लुंगी घावली व्हय तुला?"

मोळीवर, काथ्याच्या शेजारी, निळी चिंधी होती.

"मी न्हाई बांदली."

"मग मी बांदली? नऊ म्हैन्याचं पोट घिऊन?" तिनं खुंटीवरची लुंगी ओढून त्याच्यापुढं धरली. कडेच्या दोन पट्ट्या गेलेल्या होत्या, सरळ, दातानं सुरुवात करून फाडल्यासारख्या. "एवढंच ऱ्हायलंय माज्यापाशी. ते बी फाड. वडगावला कुस्त्या आसतील, फेटा बांद त्याचा."

नूराचं तोंड उतरलं. मग तिचंही.

"चुकलं माजं," ती हळूच म्हणाली.

"न्हाई चुकलं," नूरा म्हणाला.

मोळी मात्र त्यानं उचलून बाहेर नेली. वाटेत त्याच्या ध्यानात आलं. कण्हेरीचा धूर. भाऊ छाटलेली कण्हेर खड्ड्यात पुरायचा, शेकोटीतसुद्धा घालू द्यायचा नाही. दार लावून, त्या लहानशा खोलीत, पोटुश्या बाईनं ती जाळली असती तर?

तो मोळी घेऊन उन्हात उभाच राहिला. मग इकडंतिकडं बघून, कुणी नाही ना याची खात्री करून, पुटपुटला, "लय उपकार झालं, भाऊ."

बोलल्यावर मात्र त्यानं खोलीच्या दाराकडं वळून बघितलं. उपकार मानायचे, तर कुणीतरी खोलीत येऊन गेलं होतं, हेही मानायला हवं होतं.

मदिनानं लुंगी ट्रंकेत घातली, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात अडकवली.

३

नूरा शिकलेला नव्हता, पण वेडा नव्हता. त्यानं विचार केला, मीच करत असेन. दुःखानं माणूस झोपेत उठतो, चालतो, परत येऊन निजतो. कार्ल्याचा एक सुतार असाच झोपेत रंधा मारायचा म्हणतात. माझे हात भाऊचं काम करत असतील आणि मला सांगत नसतील.

त्यानं दुपारभर बसून गाठ मारून बघितली. दातानं, डाव्या हातानं, बोट मुडपून. प्रत्येक वेळी सरळ गाठ बसली आणि ओढताच सुटली.

याच दिवसांत त्यानं येणाऱ्या बाळासाठी एक गंमत केली होती. कुंपणावरच्या गुंजा वेचल्या, लाल चुटूक, डोक्यावर काळा ठिपका. सुई लाल करून एकेक गुंज भोकली आणि दोऱ्यात ओवून बाळाच्या हातात घालायला इवलंसं मनगटं केलं. गुंजेच्या वेलाला निळी गाठ होती, हे त्याला माहीत होतं. पण वाळलेली गुंज सोनार तराजूत घालतात, तिचं काय एवढं? मनगटं त्यानं पाळण्याच्या दोरीला अडकवलं. मदिना बघून कितीतरी दिवसांनी हसली.

मग एका दुपारी ओट्यावर लवंडण्याआधी त्यानं कुंड्या रंगवायचा गेरू पाण्यात कालवला आणि दोन्ही हात मनगटापर्यंत त्यात बुडवले. माझे हात उठले, तर चिंधी तांबडी होईल. मग तो निजला. आत मदिना पाळण्याकडं पाठ करून पडली होती. बागेत हू का चू नव्हतं.

जाग आली ती एका आवाजानं. कापड फाटल्याचा आवाज. सावकाश, जपून, जसं माणूस दुसऱ्याची झोपमोड नको म्हणून फाडतो.

तो उठून दारात गेला. मदिना गाढ झोपली होती. किल्ली तिच्या गळ्यात, ट्रंकेचं कुलूप जागच्या जागी. पाळण्याची दोरी हलत होती. गुंजांच्या मनगट्याला निळी चिंधी होती. स्वच्छ निळी. नूरानं हात वर करून बघितले. गेरू वाळून तडकला होता, पण कणभरही पुसला गेला नव्हता.

संध्याकाळी सुईण पोट बघायला आली. सरुबाई. अख्ख्या मळवलीतली निम्मी माणसं तिच्या हातावर आली होती, नूरासुद्धा. तिनं मनगटं पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"आरं मुडद्या, भोक पाडलंस गुंजेला? सालीसकट गिळली तर एक येळ भाईर पडती ती. भोकाची पोटात गेली तर पोर हातचं जाईल. आन् पोर काय करतंय आधी? तोंडात घालतंय!"

"चुकलं, मावशी."

"चुकलं काय? आन् ही चिंदी बांदलीस ती तरी कशापायी? शोभंला?"

मदिना त्याच्याकडं बघत होती. मग तिनं गळ्यातली किल्ली मुठीत धरली आणि ट्रंक उघडायला काही ती उठली नाही.

४

वैशाखात एका सकाळी मदिनाला कळा सुरू झाल्या आणि दुसऱ्या सकाळपर्यंत चालूच राहिल्या. बाळ अडलं होतं.

सरुबाई घामाघूम होऊन ओट्यावर आली. "नूरा, कळलावीचा कंद हाय का रं? पायाला बांदायचा. बांदला की मोकळी व्हती बाई."

कंद होते. दिवाळीनंतर वेल वाळला, की राजमहंमद कंद काढून बंगल्याच्या पडवीतल्या खोक्यात, कोरड्या वाळूत ठेवायचा. त्याच खोक्यात बियाण्याची कणगरं असत, रताळ्यासारखी, भाजून खायला गोड. कणगरं मोकळी, आणि कळलावीच्या प्रत्येक कंदाला निळी गाठ. नूरानं एक कंद आणला.

"ही गाठ काढ आधी!" सरुबाई ओरडली. "बाई अडलीया आन् गाठ घिऊन येतोस? घरातली समदी कुलपं उघडा, गाठी सोडा. केस मोकळं केलं मी तिचं. पाळण्याची दोरी सोड. पोत्याचं तोंड सोड. जितं जितं गाठ हाय तितं तितं सोड, तवा वाट मोकळी हुईल."

ही त्या मुलखातली चाल. नूरानं दोरी सोडली, पोती सोडली, ट्रंक सताड उघडली. आतून मदिनाची किंकाळी आली आणि त्याचं भान सुटलं. भाऊ हिच्यासाठी काही करायला नव्हता, तो कुणामुळं नव्हता, हे त्याच्या डोक्यात घणासारखं बसत होतं. त्यानं कोयता घेतला. खोक्यातल्या सगळ्या गाठी कापल्या. गाठी सुटत नव्हत्या, म्हणून कापल्या. मग बागेत धावला. कण्हेरीची, बिट्टीची, धोतऱ्याची, गुंजेची, विहिरीमागच्या पांढऱ्या घंटांची. एकेक निळी गाठ त्यानं दणादण तोडली. "सोड, भाऊ, सोड आता," तो रडत म्हणत होता.

शेवटची गाठ तुटली आणि आतून ट्यांहा ऐकू आला.

मुलगी झाली. सरुबाईनं मदिनाच्या पायाचा कंद त्या घडीला सोडला, कारण तो क्षणभरही जास्त ठेवायचा नसतो, आणि स्वतः जाऊन ओढ्याच्या धारेत टाकला. घरात पुरुष एकटा नूरा. त्यानं हात धुतले, डोक्याला रुमाल बांधला आणि बाळाच्या कानात अजान दिली. मधेच अडखळला, तर मदिनानं पडल्या पडल्या पुढचा शब्द सांगितला.

मग तो ट्रंक लावायला गेला. आत लुंगी पट्टीपट्टीनं सरली होती; उरली होती एकच पट्टी, वीतभर रुंद.

५

तिसऱ्या दिवशी मदिनाला भूक लागली. खरी भूक, कोंड्याचा मांडा करून भागेल अशी नव्हे.

"कणगरं हायती का रं? तुजा भाऊ राखंत भाजून द्यायचा."

नूरा आनंदानं उठला. इतक्या दिवसांनी ती काही मागत होती! त्यानं पडवीत जाऊन खोक्यात हात घातला. कळलावीचा कंद कसा असतो ते त्याला ठाऊक होतं, नांगरासारखा वाकडा. वाकडे त्यानं बाजूला सारले. परवा कोयत्याच्या घाईत पुष्कळसे कंद मोडून तुकडे झाले होते, आणि मोडलेला तुकडा सरळच दिसतो, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. पाच-सहा बोटभर तुकडे निवडून त्यानं राखेत भाजले, सोलले, वर मीठ भुरभुरलं.

ताटली घेऊन तो खाटेकडं गेला. खाटेशेजारी पितळी लोटा होता, सरुबाईनं चिंचेनं घासून लख्ख केलेला. मदिना कोपरावर उठली. ताटलीकडं तिनं हात केला आणि थांबली.

"नूरा, मनगटाला काय बांदलंयस?"

त्यानं खाली बघितलं.

उजव्या मनगटाला निळी पट्टी होती. गाठ उलटी. घट्ट, पण काचत नव्हती. मघा ताटली उचलली, तेव्हा मनगट रिकामं होतं. चुलीपासून खाटेपर्यंत सहा पावलं.

आणि मग त्याची नजर लोट्यावर गेली. लोट्याच्या फुगीर पोटात खोली वाकडी होऊन दिसत होती. दारातला उजेड, खाट, भाभी, तो स्वतः. त्याच्या उजव्या अंगाला, मनगटावर वाकून, आणखी एकजण होता. माणूस गाठ दातानं आवळताना मान जशी तिरकी करतो, तशी मान होती.

नूराची पापणी लवली. लोट्यात दोघंच राहिले.

ताटली खाली पडली आणि तुकडे जमिनीवर घरंगळले. सरुबाई बाहेरून धावत आली. तिनं एक तुकडा उचलला, मोडला, जिभेच्या टोकाला लावला आणि थू करून थुंकली. कुणालाच काही विचारलं नाही तिनं. लोट्यातल्या पाण्यानं तीनदा चूळ भरली, मगच बोलली.

"खाल्लास का तू? चाखलास?"

"न्हाई."

"हिनं?"

"न्हाई."

सरुबाई भिंतीला टेकून खाली बसली. "एवढं कळलावीचं पोटात गेलं आसतं, तर दोन दिसांनी मला परत यावं लागलं आसतं. बाळतिणीला न्हवं, मयताला."

मदिनानं बाळाला छातीशी घट्ट धरलं. तिनं आता ट्रंकेकडं पाहिलं नाही. ती नूराच्या मनगटाकडं बघत होती.

६

खोक्यातले सगळे कंद नूरानं लांब ओढ्यापलीकडं खोल पुरले. बागेतल्या प्रत्येक विषारी झाडाला गेरूचा पट्टा ओढला. रविवारी वकील म्हणाले, "हे बरं केलंस, चिंध्यांपेक्षा ठळक दिसतं." नातवंडांना त्यानंच हिंडवून सांगितलं, तांबडा पट्टा दिसला की हात मागं.

मनगटावरची पट्टी मात्र सुटली नाही. कापायचं त्याला धाडस होईना.

तो फार कृतज्ञ होता. सकाळी पाणी शेंदताना, दुपारी ओट्यावर, तो भाऊचे उपकार मोठ्यानं बोलून मानायचा. आता इकडंतिकडं बघायचा नाही. पण एक गोष्ट त्याला आतून खात होती. भाऊनं मोळीला गाठ बांधली, मनगट्याला बांधली. त्या दिवशी ताटलीला बांधता आली असती, काठ होता. बांधली ती याच्या हाताला. निळी गाठ ज्याला, ते विष. फांदी ज्यानं छाटली नाही, तो हात.

म्हणून तो मदिनाला स्वतःच्या हातानं काही देईना. भाकरी उंबऱ्यावर ठेवायचा आणि मागं सरायचा. पाणी सरुबाईकडून पाठवायचा. बाळाला तर तो शिवतच नव्हता.

चाळिसाव्याचं न्हाण झालं त्या दिवशी मदिनानं उंबऱ्यावरची भाकरी उचलली नाही.

"नूरा, हिकडं ये."

"तितंच हाय, घे की."

"ये म्हनते ना. बस."

तो उंबऱ्यावर बसला. तिनं भाकरी त्याच्या उजव्या तळहातावर ठेवली आणि बाळाला मांडीवर घेऊन त्याच्यापुढं बसली.

"त्येनं तुला बांदली का?" तिनं विचारलं. "की तुला धरलं?"

नूरानं डाव्या हातानं मनगटावरची गाठ चाचपली.

"बांदायला येळ आसता तर ताटली व्हती. त्येनं तुजा हात धरला, येडा. न्हाईतर मी खाल्लं आसतं आन् तू बी खाल्लं आसतंस. तू आदी चाखत न्हाईस, पन मागनं उरल्यालं तूच खातोस. त्येला ठावं हाय." तिनं त्याच्या तळहातावरची भाकरी मोडली आणि घास तोंडात घातला. "तुज्या हातचं खाऊन मी मरनार न्हाई. जगायचं हाय मला. हिला बी."

तिनं दुसरा घास मोडला, तिसरा मोडला. नूरा हात पुढं करून बसला होता. त्याचा हात अवघडून खाली येऊ लागला, आणि मधेच थांबला. थांबला म्हणजे कुणीतरी खालून आधार दिल्यासारखा थांबला. ऊन ओट्यावर होतं, तरी त्याच्या उजव्या खांद्याला गार लागलं, विहिरीशी वाकल्यावर लागतं तसं.

बघू नकोस असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं बघितलं नाही. तो उंबऱ्यावर डावीकडं थोडा सरकला, एका माणसापुरती जागा केली आणि भाभीचं पोट भरेपर्यंत हात तसाच धरून बसला.